‘माहीत नाही’ लिहिलेली एकशे बारा कार्डं

नागपूर
गुरुवार, २० जानेवारी १९७२

ती. जिजाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

दोन तारखेच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की भंडारा रोडवरच्या आमच्या छावणीतल्या एकशे बारा बायकांना स्वतःच्या नवऱ्याचं नाव माहीत नाही. ते खोटं आहे. एकूण एक बाईला ते माहीत आहे.

ते पत्र तू वाचलंस का, मला कळलेलं नाही. बाबांनी एवढंच लिहिलं की तू ते चुलीपाशी घेऊन गेलीस. चुलीत घातलंस की चुलीच्या उजेडाला धरलंस, ते त्यांनी लिहिलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

पूर्व बंगालातून लढाईच्या वर्षात लाखो माणसं इकडे पळून आली. रायपूरकडच्या मोठ्या छावणीत जागा संपली तेव्हा आजारी बायका आणि त्यांची मुलं नागपूरला आणली. भंडारा रोडवरचं सरकीचं एक रिकामं गोदाम आहे, तिथे ती राहतात. राखाडी कांबळी, दुधाची पावडर, देवीची लस, हे सगळं बाहेरदेशातल्या संस्था पाठवतात. मी ज्या संस्थेत काम करते ती मात्र खायला-प्यायला काहीच देत नाही. तिचं मुख्य ऑफिस जिनिव्हाला आहे आणि तिचं काम एकच, लढाईत ताटातूट झालेल्यांची गाठ घालून देणं.

हे होतं कार्डांवर. शोधणाऱ्याचं कार्ड पांढरं. ज्या छावणीत जो असेल त्याचं निळं. कार्डं घरातल्या कर्त्याच्या नावानं लावायची, ती कलकत्त्याच्या ऑफिसात एका खणात एकत्र येतात, आणि पांढऱ्याला निळं भेटलं की तार सुटते. कर्त्याचं नाव नसलेलं कार्ड खणात जात नाही. ते ‘अपूर्ण’ लिहिलेल्या खोक्यात पडून राहतं.

त्या खोक्यात माझ्या हातची एकशे बारा कार्डं होती.

विचारायला आमच्याकडे मुखर्जीबाबू होते. रेल्वेतले रिटायर गार्ड, इथेच अजनीला राहतात. ते बंगालीत विचारायचे, “नवऱ्याचं नाव?” बाई पदर ओढून खाली बघायची. ते मला म्हणायचे, “नहीं बोलती.” पोरांना विचारलं तर पोरं म्हणायची, बाबा. शेजारणींना विचारावं तर एका गावच्या दोघी नाहीत. मी थोडा वेळ थांबायची आणि त्या रेघेवर लिहायची, ‘माहीत नाही’.

आमच्या मोठ्या बाई, मिस इंग्रिड, नॉर्वेच्या आहेत. त्यांनी खोकं पाहिलं तेव्हा म्हणाल्या, “एकशे बारा बायका, आणि नवरा कोण ते एकीलाही ठाऊक नाही? असं कुठे होतं का?” मी म्हटलं, घाबरल्या असतील, विसरल्या असतील. हे मी विचार न करता बोलले. तुझ्यासमोर बोलले असते तर तू पाटीवरचं पुसतेस तसं पुसायला लावलं असतंस.

तर काल. मी प्रतापनगरला ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते त्या शोभाताई हळदीकुंकवाचं सगळं सामान आणि चार शेजारणी घेऊन छावणीत आल्या. म्हणाल्या, “रथसप्तमीच्या आत आटपा लागते बाई, आन ह्या बाया का कोणाच्या लेकी नाहीत?” मुखर्जीबाबूंना बाहेर बसवलं आणि दुभाषी म्हणून त्यांच्या बायकोला आत घेतलं. मुखर्जीकाकू नागपुरात जन्मलेल्या, आपल्याहून चांगलं नागपुरी बोलतात. तिळाचे लाडू वाटून झाले, कुंकू लावून झालं, आणि आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर बळीराम दारातूनच ओरडला, “शोभाताई, नाव घ्या ना! का साहेबाचं नाव विसरले?” शोभाताईंनी त्याला लाडू फेकून मारला आणि मनोहररावांचं नाव घेतलं, चांगलं चार ओळींचं.

आमच्या बायका हसल्या. बंगाली बायका बघत राहिल्या. त्यांच्यातली एक फुलमाला, तिला दोन लेकरं आहेत आणि ती नोव्हेंबरपर्यंत क्षयाच्या वॉर्डात होती, तिने काकूंना काहीतरी विचारलं. काकूंनी सांगितलं, की ह्या बायका एरवी नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून असं गाण्यात गुंडाळून घेतात.

फुलमालेने तोंडावर हात ठेवला. मग ती जी बोलत सुटली ती थांबेना. काकू माझ्याकडे वळल्या. “काहून वं चारुशीला, तुले इतकं समजलं नाही? ह्यायच्यातबी नाव घेत नाहीत! घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणते. आन तो परदेशी कागद, समोर परका बाप्या. कोण सांगन तुले?”

आत्या, मी तुझ्या हाताखाली वाढलेली मुलगी. एक वेळ सोडली तर घरात तू तुझ्या यजमानांचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. आणि मला हे समजलं नाही.

मी उठून उभी राहिले. मला नवरा नाही, मी कोणाचं नाव घेणार? माझ्या तोंडी एकच उखाणा आला, तो तुझा. मी सात वर्षांची होते, नदीला पूर होता, शाळा पलीकडे, आणि तू मला जोडाक्षरं शिकवत होतीस. मी विचारलं, आत्या, आतोबांचं नाव काय? तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस,

ब्रह्मदेशाच्या वाटेला सागाची बनं,
नत्थूजींचं नाव घेते, घट्ट करून मन.

तेवढंच एकदा. मी काल ते म्हटलं. काकूंनी अर्थ सांगितला, आणि माझ्याकडून ऐकून हेही सांगितलं की ज्या बाईचा हा उखाणा तिचे यजमान तीस वर्षं झाली, लढाईतून परत आले नाहीत.

मग फुलमाला उभी राहिली. आधी धाकट्याला कडेवर घेतलं, जसं काही एकटीनं बोलायचं नाही. आणि म्हणाली. काकूंनी मराठीत करून दिलं ते असं: होडीत भरलं भाताचं धान, हरिपद वल्हवतो, गातो गान.

हरिपद. मी कार्ड काढलं आणि ‘माहीत नाही’वर रेघ मारली.

संध्याकाळपर्यंत चौऱ्याऐंशी नावं आली. कोणी भाताचं केलं, कोणी माशांचं, एका म्हातारीने नवऱ्याला चक्क शिवी घातली आणि मग नाव घेतलं. मिस इंग्रिड जमिनीवर मांडी घालून लिहीत होत्या. आज सकाळी उरलेल्या अठ्ठावीस. खोकं रिकामं आहे, मी ते उलटं करून ठेवलंय.

चारुशीला

*

नागपूर
शनिवार, २९ जानेवारी १९७२

ती. जिजाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

कार्डं एकवीस तारखेला कलकत्त्याला गेली. अजून काही आलं नाही. छावणीची परतीची स्पेशल गाडी अकरा फेब्रुवारीला ठरली आहे. त्यांचा देश आता स्वतंत्र झालाय, सरकार सगळ्यांना परत पाठवतंय. फुलमालेचं गाव जळलंय. नवरा सापडला तर ती त्याच्याबरोबर जाईल. नाही सापडला तर दोन लेकरं घेऊन राखेत उतरेल. ती रोज सकाळी ऑफिसच्या दारात येते, काही विचारत नाही, माझ्या तोंडाकडे बघते आणि जाते. कालपासून मी तिच्या आधी येऊन बसते, म्हणजे तिला वाट बघत उभं राहावं लागू नये.

आज मला दुसरं लिहायचं आहे. तू हे पत्रही चुलीपाशी नेशील, तरी लिहिते.

गेल्या मार्चमध्ये जनगणनेला गावातली मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली. आपल्या आळीतली घरं माझ्याकडे होती. आपल्या घरी मी सगळ्यांत शेवटी आले. बाबांचं लिहिलं, आईचं लिहिलं. तू परसात ज्वारी पाखडत होतीस. नियम असा होता, की माणसाला विचारायचं आणि तो सांगेल ते लिहायचं. मला विचारायची लाज वाटली. आतोबांचं शेवटचं पत्र मंडालेहून आलं ते १९४२ च्या फेब्रुवारीत. ते तिथल्या लाकडाच्या कंपनीत कंपाउंडर होते, जपानी आले, आणि पुढे काही नाही. मी हिशेब केला, एकोणतीस वर्षं. आणि मी लिहिलं, ‘विधवा’.

तुला वाटलं असेल मी ठरवून लिहिलं. ठरवून नाही, भिऊन लिहिलं. पण तेही माझ्या हातूनच झालं.

सुपरवायझर ओसरीवर बसून यादी मोठ्यानं वाचत होते. “जिजाबाई, वय अठ्ठेचाळीस, विधवा.” तुझं सूप थांबलं नाही. मी ऐकत होते, ते एकदाही थांबलं नाही. तू कुंकू पुसलं नाहीस आणि माझ्याशी बोललीही नाहीस. चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या कोणी तुला बोलावलं नाही, कारण सरकारी कागदात आलं होतं. आषाढात मी नोकरी बघून नागपूरला आले. घरात सांगितलं, पगार बरा आहे. खरं असं की मला तुझ्यासमोर जेवता येईना.

तूच शिकवलं होतंस. “डोळ्यानं पाह्यलं, कानानं आयकलं, तेच लिहायचं पोरी. बाकी जागा कोरी ठेव. कोऱ्या जागेले काही लाज नसते.” मी दोन ठिकाणी ती कोरी ठेवली नाही. एकदा तुझी, आणि एकशे बारा वेळा ह्यांची.

म्हणून तुझ्या नावाआधी मी पत्रांत काहीच लिहीत नाही, हे तू पाहिलं असशील. सौभाग्यवती लिहावं की दुसरं काही, ते लिहायचा हक्क मी त्या दिवशी घालवला. जागा कोरी ठेवते.

आता विनंती. आमच्या ऑफिसात ह्याच लढाईची कार्डं आहेत असं मी समजत होते. मिस इंग्रिडना तुझ्या उखाण्याबरोबर सांगितलेलं ‘तीस वर्षं’ लक्षात राहिलं होतं. त्या म्हणाल्या, “ब्रह्मदेशातून चालत निघालेल्यांच्या याद्या, जपान्यांनी पकडलेल्यांच्या याद्या, दवाखान्यांची रजिस्टरं, जिनिव्हाला सगळं आहे. त्या लढाईचे खण आम्ही अजून बंद केलेले नाहीत.” मग त्यांनी एक पांढरं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. मी ते भरलेलं नाही. त्यावर जवळच्या नातलगानं स्वतः सांगायचं असतं. तू सांगशील का?

नाही म्हणालीस तर कार्ड परत खणात ठेवीन.

चारुशीला

*

नागपूर
रविवार, ६ फेब्रुवारी १९७२

ती. सौ. जिजाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पोस्टकार्ड गुरुवारी मिळालं. ‘त्या फुलमालाचं पुढं काय झालं?’ एवढी एक ओळ, आणि खाली सही, ‘सौ. जिजाबाई नत्थूजी काळमेघ’. घरच्या माणसाला कोणी असं पूर्ण नाव घालून सही करत नाही. मी ते कार्ड शोभाताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “वाच ना नीट, तुले उत्तर देऊन राहिली ते.” मी नीट वाचलं. आता तुझ्या नावाआधी काय लिहायचं ते मला तुझ्या हातचं मिळालंय, म्हणून वर लिहिलंय.

पुढं काय झालं ते सांगते. एक तारखेला तार आली. मी उघडली नाही. मिस इंग्रिडनी उघडून टेबलावर ठेवली. हरिपद मंडल जिवंत. जलपायगुडीकडच्या छावणीत. त्याने बायको-मुलांसाठी पांढरं कार्ड जुलैतच भरलं होतं! सात महिने ते त्या खणात पडून होतं, आणि त्याला भेटायचं निळं कार्ड माझ्या खोक्यात. ह्याबद्दल मी मिस इंग्रिडना लेखी माफीपत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि विचारलं, “नाव घ्यायची ही जी रीत आहे, ती दुसऱ्या छावण्यांना कशी कळवायची, ते लिहून देशील? ह्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं.” मी तीन पानं लिहिली. विचारणारी बाईच हवी, आपल्या बायकांनी आधी नाव घ्यावं, घाई करू नये. त्यांनी टाइप करून रायपूर, कलकत्ता आणि जिनिव्हाला पाठवलं. वर शीर्षक इंग्रजीत आहे, पण ‘उखाणा’ हा शब्द त्यांनी तसाच ठेवलाय.

फुलमालेला सांगायला मी आणि काकू गेलो. काकूंनी नाव घेतलं नाही, म्हणाल्या, “ह्याचा बाप येतो आहे.” तिने थोरल्याचे केस विंचरायला सुरुवात केली. विंचरलेलेच परत विंचरले. अर्धा तास.

हरिपद काल दुपारी आला. बळीराम त्याला आणायला स्टेशनवर गेला होता, हातात पुठ्ठ्यावर बंगालीत नाव धरून. ते नाव काकूंनी लिहून दिलेलं. म्हणतो, “बाई, मले वाचता येत नव्हतं, त्याले बोलता येत नव्हतं. पुठ्ठा पाहून त्यानं माह्या गळ्यातच हात टाकले. लोक पाहून राहिले ना!”

माणूस काटकुळा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. गोदामाच्या दाराशी येऊन तो थांबला. फुलमाला चाळीस पावलांवर, डोक्यावर पदर. ती पुढे आली, त्याच्या समोर उभी राहिली आणि खाली बघून थोरल्याला म्हणाली (काकूंनी मला कानात सांगितलं), “तुझ्या बाबाला विचार, जेवला का. किती वाळलाय.”

थोरल्याने विचारलं. बाप तिथेच खाली बसला. धाकटा त्याला ओळखत नव्हता. त्याने बापाच्या हातात आपला अर्धा खाल्लेला लाडू दिला.

बळीराम डोळे पुसत ओरडला, “आता घे ना वं नाव! इतके दिवस गाणं म्हणून राहिली होती!” तिला मराठी कळत नाही, पण काय म्हणाला ते तिला बरोबर कळलं. तिने जमिनीवरचा खडा उचलून त्याला मारला.

गोदामात त्यानंतर जे झालं ते मला लिहिता येत नाही. शंख नव्हता तर बायकांनी तोंडानेच हुलूध्वनी केला, म्हणजे शुभकार्यातली ‘उलूउलू’ आरोळी दिली, पत्र्याचं छप्पर वाजलं. मुखर्जीबाबूंनी गार्डाची जुनी शिट्टी खिशातून काढली आणि फुंकत सुटले. मी हसत होते आणि मला माझं हसणं ऐकू येत होतं. तुझ्या घरातून निघाल्यापासून ते ऐकलं नव्हतं.

खरं ते सगळं सांगायला हवं. एकशे बारांपैकी आजपर्यंत सदतीसजणींचे नवरे सापडले. सहाजणींना ते गेल्याचं कळलं. त्या सहाजणींना मी आणि काकूंनी एकेकीला बाजूला बसवून सांगितलं. त्यांतली एक मला म्हणाली, आता मला कळलं तरी. बाकीच्यांचा शोध त्या आपल्या देशी परतल्या तरी चालू राहील, कार्डं त्यांच्या मागे जातील.

तुझ्या पोस्टकार्डात पांढऱ्या कार्डाच्या विनंतीचं उत्तर नव्हतं. मी परत विचारत नाही.

चारुशीला

*

नागपूर
मंगळवार, ८ फेब्रुवारी १९७२

ती. सौ. जिजाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

बाबा आज आले होते. संत्र्यांची पेटी ठेवली, चहा घेतला, आणि निघताना खिशातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. “जिजीनं देल्लं. म्हणे, पोरीले द्या, आन सांगा, त्या कारडाले लागन.”

फडक्यात मंडालेचं पत्र होतं. पाकिटासकट, टपालाच्या शिक्क्यासकट, आणि त्याच्या मागे कंपनीचा पत्ता छापलेला. आत्या, तीस वर्षांत ते तू कोणाच्या हातात दिलं नव्हतंस. मी ते उघडलं नाही. पाकीट तेवढं पाहिलं. मिस इंग्रिडनाही पाकीटच दाखवलं. त्यांनी शिक्का भिंगातून पाहिला आणि म्हणाल्या, तारीख आणि कंपनी दोन्ही असली तर कुठून शोधायचं ते पक्कं ठरतं, हे फार मोठं आहे.

मी बाबांना विचारलं, आत्या आणखी काही बोलली? ते म्हणाले, “बोलली ना. म्हणे, त्या पोरीले सांगा, ह्या खेपेले इचारून लिहाव.”

विचारून लिहीन. आतोबा मिळतीलच असं मी म्हणत नाही. खोटं लिहायचं मी सोडलंय. जिनिव्हाहून काय उत्तर येईल ते कोणालाच ठाऊक नाही. पण ते उत्तर तुझ्या प्रश्नाला येईल, तुझ्या तोंडच्या नावाला. माझ्या अंदाजाला नाही. आणि ते येईपर्यंत आळीत कोणी विचारलं तर सांग, की जगातलं एवढं मोठं ऑफिस सौ. जिजाबाईंच्या यजमानांना शोधतंय.

शोभाताई माझ्याबरोबर गावी यायचं म्हणतात, हळदीकुंकवाचं तबक घेऊन. मी म्हटलं, संक्रांत सरली, रथसप्तमीही झाली. त्या म्हणाल्या, “तिथी पाहू नको. गेल्या चैत्राची बाकी आहे ते.” आळीतल्या सगळ्या बायकांना बोलाव, आत्या. ज्यांनी तुला बोलावलं नाही त्यांना आधी बोलाव. त्यांच्यासमोर तू नाव घ्यायचंस, मोठ्यानं, भिंतीकडे तोंड न करता, आणि मी तुझ्या शेजारी बसून एकेक शब्द ऐकून लिहायचा.

शुक्रवारी अकरा तारखेला फुलमालेची गाडी सुटेल. तिला बसवून देते. शनिवारी ऑफिस आहे. कोरं कार्ड, शाईची दौत आणि तुझं न उघडलेलं पत्र घेऊन गावी यायला काटोलला जाणारी सकाळची पॅसेंजर मी धरीन ती परवा नाही, तेरवा नाही, तर रविवारी, तेरा फेब्रुवारी १९७२ ला.

तुझी
चारुशीला